नियुक्त व्यक्ती

१२ मार्च

घुम्या,

या नावाने तुला हाक मारणारी आता मी एकटीच उरले असेन. रागावू नकोस, तुझं खरं नाव माझ्या तोंडात कधी बसलंच नाही. लहानपणी तू भिंतीला टेकून तासन्‌तास गप्प बसायचास आणि मामा म्हणायचा, हा घुम्या मोठेपणी एकतर साधू होईल नाहीतर चोर. दोन्ही झाला नाहीस.

मी बरी आहे. तीच इमारत, तोच तिसरा मजला, त्याच दोन खोल्या. रफूचं काम अजून येतं. लोक हल्ली फाटलं की टाकतात, पण एखाद्या कोटावर जीव असतो, तो कोट माझ्याकडे येतो. भिंग लावावं लागतं, पण हात अजून कापत नाही.

लिहिण्याचं कारण असं. तू शवदाहिनीवर काम करतोस हे मामीकडून ऐकलं होतं. माझ्या ओळखीच्या एका माणसाला माहिती हवी आहे. दहन करायचं तर खर्च किती येतो, कोणते कागद लागतात, कोणी कुठे सह्या करायच्या, हे सगळं. इथल्या कचेरीत विचारलं तर खिडकीतला माणूस म्हणाला, 'आधी मृताचं नाव सांगा.' आता जिवंत माणसाचं नाव त्याला कसं सांगू.

तुला फोनवर ऐकू येत नाही असं मामी सांगायची, म्हणून पत्र. सवडीने उत्तर दे, पण फार सवड घेऊ नकोस.

तुझी आतेबहीण

२० मार्च

ती. ताई,

तुझं पत्र दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि घरी येऊन पुन्हा वाचलं. ऐकू येत नाही हे खरं आहे. इतकी वर्षं भट्टीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरशेजारी उभं राहून डावा कान गेला, उजवा त्याच्या मागोमाग निघाला आहे.

तुला सांगू का, माझ्या कामाबद्दल मला विचारणारी आपल्या घरातली तू पहिली. चार माणसं जमली आणि कोणी विचारलंच तर आई सांगायची, 'नगरपालिकेत आहे.' खोटं काही नव्हतं त्यात. माझ्या लग्नाची दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली, तेव्हाही हेच सांगितलं. मग कोणीतरी विचारायचं, नगरपालिकेत म्हणजे कोणत्या खात्यात, आणि तिथून पुढे चहा गार व्हायचा. त्यामुळे मी जरा जास्तच लिहिलं तर समजून घे.

आधी कागद. शेवटी ज्या डॉक्टरने पाहिलं त्याचा मृत्यूचा दाखला. त्यावर दुसऱ्या डॉक्टरची सही. पुरायचं असेल तर ही दुसरी सही लागत नाही, कारण काही शंका आली तर उकरून बघता येतं. आमच्याकडे दिलेलं परत बघता येत नाही, म्हणून दोघांनी बघायचं. मग नोंदणी कचेरीचा परवाना. आणि दहनाचा अर्ज, त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही. हे सगळं आल्याशिवाय आमचा कारकून वेळ देत नाही, मग बाहेर कितीही रडारड होवो.

छातीत पेसमेकर असेल तर तो आधी काढावा लागतो. विसरलं तर आत फुटतो आणि भट्टीच्या विटा उडतात. आमच्याकडे एकदा झालं होतं, मला वाटलं छप्परच आलं खाली.

खर्चाचं म्हणशील तर दाहिनीची फी साधारण तुझ्या एका महिन्याच्या भाड्याइतकी असावी. वर शवपेटी, गाडी आणि दुसऱ्या डॉक्टरचे पैसे. सगळं धरून अडीच महिन्यांचं भाडं. त्याच्यावर कोणी सांगितलं तर तो पितळी कड्यांचे पैसे लावतो आहे असं समज. कड्या आम्ही आत घालण्याआधी काढूनच ठेवतो. साधी पेटी घ्यायची, पातळ लाकडाची. आत गेल्यावर सगळ्या पेट्या सारख्याच जळतात.

आता एक विचारतो. खिडकीवर येणारा प्रत्येक माणूस सुरुवातीला 'ओळखीच्या एकासाठी' असंच म्हणतो. ताई, तुला काय झालं आहे? डॉक्टरने काय सांगितलं? लपवू नकोस. माझी बरीच रजा साठली आहे, वाया चालली आहे. तू लिही, मी निघतो.

घुम्या

२७ मार्च

घुम्या,

मी ठणठणीत आहे. रजा साठवून ठेव.

ओळखीचा माणूस खरोखरच आहे. माझ्या समोरच्या दारात राहतो. बोटीवर आचारी होता, आयुष्य पाण्यावर गेलं, निवृत्त झाल्यावर इथे खोली घेतली. जिन्यातली सगळी माणसं त्याला आचारीच म्हणतात, मीही. आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो, अजूनही.

दुपारी तो पेपर घेऊन माझ्याकडे येतो आणि मोठ्याने वाचतो. माझे डोळे कापडात असतात, कान मोकळे असतात. तो सगळं वाचतो, हरवले-सापडले, भाड्याने देणे आहे, सगळं. वाचून झालं की मी चहा करते, तो त्याला नावं ठेवतो आणि दुसरा कप मागतो. हे किती वर्षं चाललं आहे ते आता आठवतही नाही.

त्याचं हृदय दमलं आहे. डॉक्टरने गोळ्या बदलल्या आणि त्याला समोर बसवून सांगितलं की उन्हाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही. घरी येऊन त्याने मला हे सांगितलं ते हवामानाची बातमी वाचावी तसं. म्हणाला, 'मला पुरू नका, ओल सोसत नाही. जाळा. पण आधी चौकशी करून ठेवा, ऐनवेळी तुमची धावपळ नको.'

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. पेसमेकर त्याच्याही छातीत आहे. तो मजकूर ऐकून हसला तो खोकला लागेपर्यंत. म्हणाला, 'जन्मभर बोटीवर रांधलं, एकदाही भडका उडू दिला नाही. शेवटी मीच उडायचा राहिलो होतो.' पितळी कड्यांचं त्याला फार पटलं.

अडचण सहीची आहे. त्याचं कोणी नाही. लग्न केलं नाही, एक भाऊ होता तो गेला. शेजारणीची सही चालते का?

तुझी आतेबहीण

४ एप्रिल

ती. ताई,

तू बरी आहेस हे वाचून मी खुर्चीत नीट बसलो. तोपर्यंत अर्धवट बसलो होतो.

शेजारणीची सही सहजासहजी चालत नाही. अर्जावर एक चौकट आहे, 'मृताशी नाते'. नवरा, बायको, मुलं, आईबाप, भाऊबहीण, इथपर्यंत कोणी काही विचारत नाही. त्यापुढे कारकून मान वर करून बघतो.

जवळचं कोणीच नसेल तर नगरपालिका शोध घेते. पत्रं पाठवतात, पेपरात देतात, वाट बघतात. तोवर माणूस शवागारात. आठवडे जातात, कधी महिने. मग नगरपालिका स्वतःच्या खर्चाने करते. खर्चाचा प्रश्न मिटतो, पण ते कधी करणार हे कोणालाच कळवत नाहीत, कारण कळवायला कागदावर कोणी नसतं. तू रोज जाऊन विचारलंस तरी तुला सांगतीलच असं नाही.

अशी माणसं आमच्याकडे सकाळी येतात, दिवसाची गर्दी सुरू व्हायच्या आत. गाडीवाला पोच घेऊन निघून जातो. मग मी आणि मशीन. मी त्या वेळी टोपी काढतो. तसं करा असं कोणी सांगितलेलं नाही, आणि बघायलाही कोणी नसतं.

तुझ्या आचाऱ्याचं तसं होऊ नये. त्याला पुन्हा विचार, कुठे पुतण्या वगैरे असेल. बोटीवरच्या माणसांची कुठे कुठे नाती असतात.

घुम्या

११ एप्रिल

घुम्या,

पुतण्या नाही. मी विचारलं. तो म्हणाला, 'बोटीवर होतो म्हणून प्रत्येक बंदरात एकेक घर होतं असं तुमच्या भावाला वाटतं का? बंदरात मी भाजी घ्यायला उतरायचो.'

पण एक गंमत झाली, तुला सांगते. तुझं पत्र वाचत मी 'मृताशी नाते' इथपर्यंत आले. तो खिडकीशी उभा राहून पेपरची घडी घालत होता. घडी घालता घालताच म्हणाला, 'मग आपण लग्न करून टाकू या का?'

मी सुईत दोरा ओवत होते. म्हटलं, 'कागदासाठी?'

त्याने घडी आणखी एकदा दुमडली. मग म्हणाला, 'हो, कागदासाठीही होईल.'

मी म्हटलं, 'या वयात? जिन्यातली माणसं काय म्हणतील?' तो म्हणाला, 'जिन्यातली माणसं लिफ्ट कधी दुरुस्त होणार याच्यापलीकडे काही म्हणत नाहीत.' मग आम्ही दोघं हसलो आणि तो विषय तिथे राहिला. दुसऱ्या दिवशी तो नवा शर्ट घालून आला. कॉलरला दुकानातली टाचणी तशीच होती, मीच काढली. लग्नाचं तो पुन्हा काही बोलला नाही, मीही नाही.

तरी नियम माहीत असावा म्हणून विचारते. शेवटच्या दिवसांत केलेलं लग्न तुमच्या कचेरीत चालतं का? बायको किती जुनी लागते? हसू नकोस. मला तसं काही करायचं नाही, या वयात मी कोणाच्या घरात जाऊन त्याच्या भांड्यांना नावं ठेवू? पण दुसरा मार्ग नसेल तर बघावं लागेल.

तुझी आतेबहीण

१६ एप्रिल

ती. ताई,

हे पत्र मी उलट टपालाने पाठवतो आहे, कारण बातमी चांगली आहे.

बायको एका तासाची असली तरी चालते. पण तुला लग्नाचा घाट घालायची काहीच गरज नाही. मी मुद्दाम वरच्या मजल्यावर कायदा विभागात गेलो. इतक्या वर्षांत कधी गेलो नव्हतो, त्यांना वाटलं मी गॅसगळती सांगायला आलो. तिथल्या बाईंनी मला नीट समजावलं. माणूस जिवंत आणि शुद्धीत असताना स्वतःच्या दहनासाठी कोणाचंही नाव लिहून देऊ शकतो. दोन साक्षीदारांसमोर सही केली की झालं. मग ती व्यक्ती अर्जावर सही करू शकते, नात्यातली असो वा नसो. नात्याच्या चौकटीत 'नियुक्त व्यक्ती' असं लिहायचं. कारकून मान वरसुद्धा करणार नाही.

फॉर्म सोबत पाठवतो आहे. तुमच्या गावातही हाच चालतो, मी विचारून घेतलं.

तुझी लग्नाच्या झंझटीतून सुटका केली म्हणून मला आज फार बरं वाटतं आहे. कोणाच्या तरी उपयोगी पडलो. संध्याकाळी स्वतःसाठी मिठाई घेऊन आलो.

घुम्या

२५ एप्रिल

घुम्या,

तुझे आभार कसे मानू. काम झालं.

फॉर्म आला त्याच दिवशी मी समोर गेले. तो कोटाला इस्त्री करत होता. मी म्हटलं, 'एवढ्या उन्हाळ्यात कोट?' म्हणाला, 'असावा एखादा तयार.' मी फॉर्म पुढे केला आणि म्हटलं, 'घ्या, सुटलात. लग्नाबिग्नाची काही गरज नाही.'

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. चष्मा लावून फॉर्म वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाला, 'छान आहे. तुमचा भाऊ हुशार आहे.'

खालचा औषधवाला आणि दुसऱ्या मजल्यावरची दाताच्या डॉक्टरची मदतनीस, असे दोन साक्षीदार झाले. त्याने सही केली, मीही केली. औषधवाल्याने दोघांना सरबत पाजलं. आचारी सगळ्यांशी नीट बोलत होता, जिना चढताना मात्र प्रत्येक वळणावर थांबला.

त्यानंतर दुपारी तो आलेला नाही. मी दार वाजवलं तर म्हणाला, थकवा आहे, उद्या बघू. पेपर दाराखालून सरकवतो, मला वाचता येतो असं समजून. मी तो तसाच ठेवते. असा कागद कोणालाही जड जाणारच. आपल्या मरणावर सही करायची म्हणजे काय थट्टा आहे? थोडे दिवस जाऊ देते. सावरेल.

इथे दुपारी फार शांत असतं. हे मला माहीत नव्हतं.

तुझी आतेबहीण

२ मे

ती. ताई,

तुझं पत्र वाचलं आणि मग तुझं मागचं पत्र काढून वाचलं. एक शंका आहे. चुकत असेन तर मनावर घेऊ नकोस, या बाबतीत मला अनुभव शून्य आहे.

तू लिहिलं होतंस की तो म्हणाला, 'कागदासाठीही होईल.' हा 'ही' त्याचा आहे की तुझा? तू लिहिताना चुकून घातलास, की तो तसंच म्हणाला?

ज्या माणसाला नुसती सही हवी असते तो कचेरी किती वाजता बंद होते ते विचारतो. तो नवा शर्ट घेत नाही. उन्हाळ्यात कोटाला इस्त्री करत नाही.

कागदासाठी हा शब्दही आधी तूच काढलास, ताई. तो नाही.

मी मोठा शहाणा होऊन वरच्या मजल्यावर गेलो आणि फॉर्म घेऊन आलो. तू जे विचारलं होतंस तेवढं वाचलं. मला नियम विचारला की मी नियम सांगतो, मला दुसरं काही येत नाही.

पत्र मिळाल्यावर समोर जा. दार उघडलं नाही तर उघडेपर्यंत वाजव.

घुम्या

१९ मे

घुम्या,

आचारी गेला. तुला आधी कळवलं नाही. तू धावत आला असतास आणि मला तेव्हा कोणाशी बोलायचं नव्हतं.

तुझं पत्र आलं तेव्हा तो हॉस्पिटलमध्ये होता. आदल्या दिवशी जिन्यात बसलेला औषधवाल्याला सापडला. मी पत्र पिशवीत घालून गेले. मोठा वॉर्ड होता, त्याची खाट खिडकीकडची. तोंडावर मास्क. मला बघून त्याने खुर्चीकडे बोट दाखवलं, जणू मी पाहुणी आले आहे आणि घर त्याचं आहे.

मी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले. लिफ्ट सुरू झाली ते सांगितलं. मग म्हटलं, 'तुम्ही कागदासाठीही म्हणाला होतात. त्यातला “ही” कशाला होता?'

त्याने माझ्याकडे पाहिलं. मास्कमधून म्हणाला, 'लक्षात आला का?'

मी म्हटलं, 'माझ्या नाही. भावाच्या आला.'

'तुमचा भाऊ खरंच हुशार आहे,' तो म्हणाला. मग छताकडे बघत राहिला. म्हणाला, 'जाऊ द्या आता. कागद झाला ना.'

मी म्हटलं, 'कागद झाला. म्हणून आता कागद सोडून विचारा.'

त्याने हाताने मास्क बाजूला केला. तो काढला की नर्स रागवायची, म्हणून मी दाराकडे लक्ष ठेवलं होतं. त्याने विचारलं. मी दाराकडे बघतच हो म्हटलं. त्यामुळे विचारताना त्याचा चेहरा कसा होता ते मी पाहिलं नाही, घुम्या. हे तुला लिहिते आहे, दुसऱ्या कोणाला सांगणार.

नर्सला विचारलं. ती म्हणाली, नोंदणी अधिकारी खाटेपाशी येतात, पण सोमवारी. तो शनिवार होता. मी म्हटलं, सोमवार म्हणजे काय, परवा. त्या संध्याकाळी तो बोटीवरच्या गोष्टी सांगत होता, एक-एक वाक्य, मध्ये श्वास. एका वादळात त्याने सगळ्यांसाठी नुसते उकडलेले बटाटे केले आणि कप्तानाने त्याला शाबासकी दिली. मला पहिल्यांदाच अगं म्हणाला. मला काही जमलं नाही, मी अहोच म्हणत राहिले.

रविवारी दुपारी तो गेला. मी तिथे होते. त्रास झाला नाही, निदान दिसला नाही.

पुढचं सगळं तू सांगितल्याप्रमाणे. पेसमेकर काढायला मीच आठवण केली. पेटी पातळ लाकडाची घेतली. दुकानदाराने कड्या दाखवल्या, मी नको म्हटलं. दोन डॉक्टरांच्या सह्या, परवाना, सगळं मिळालं. त्याने पैसे आधीच औषधवाल्याजवळ ठेवले होते, मला पर्सला हात लावावा लागला नाही.

मग तो अर्ज. नाव, वय, पत्ता भरला. पत्ता लिहिताना माझाच लिहिते आहे असं वाटलं, फक्त खोलीचा आकडा वेगळा. मग 'मृताशी नाते'. माझं पेन तिथे थांबलं. मागे लोक उभे होते. खिडकीतली बाई चांगली होती, हळूच म्हणाली, 'तुमच्या कागदावर आहे तेच लिहा, नाहीतर अर्ज परत येईल.' मी नियुक्त व्यक्ती लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

औषधवाला आला होता, पण त्याला दुकान उघडायचं होतं. मग मी एकटी. लाकडी बाक, पांढरी भिंत, कुंडीत खोटी फुलं. पडदा सरकला आणि आत मोठा आवाज सुरू झाला. शेजारच्या दालनातली एक बाई त्या आवाजाने घाबरून उठली. तो नुसता ब्लोअर आहे हे मला माहीत होतं. मी आवाज थांबेपर्यंत बसले. तिथल्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली होती का ते बाहेरून दिसलं नाही. काढली होती असं मी धरून चालले आहे.

तुझी आतेबहीण

२८ मे

ती. ताई,

तू मला बोलवायला हवं होतंस. एवढं एकदा म्हणतो, पुन्हा म्हणणार नाही.

काल कारकुनाच्या खिडकीवर मी बसलो होतो, तेव्हा एक माणूस आला. म्हणाला, नात्यातलं कोणी नाही, मित्रासाठी विचारतो आहे. हल्ली मी तो फॉर्म कपाटात ठेवतो, तो काढला. त्याच्या हातात देताना माझाच हात थांबला. मी त्याला विचारलं, 'मित्रच ना?' तो चमकून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी फॉर्म दिला. पण आधी त्याला बसवलं, पाणी दिलं. कारकून मला नंतर म्हणाला, तुम्हाला आज झालंय तरी काय.

मी तो फॉर्म पाठवला नसता तर तुम्ही दोघं एप्रिलमध्येच लग्न नोंदवायला गेला असतात. त्याने इस्त्रीचा कोट घातला असता. हे मी रोज मनात मांडून बघतो. तू मला दोष दिला नाहीस. पत्रात कुठे दोष लपला आहे का तेही शोधलं, नाही सापडला. दिला असतास तर बरं झालं असतं.

राख तुला मिळाली असेल. डबा हातात घेताना वाटतो त्यापेक्षा जड असतो, त्याने दचकू नकोस. काय करायचं ते लगेच ठरवायची गरज नाही. तिला मुदत नसते, ती खराब होत नाही, कोणी मागायला येत नाही. कोरड्या जागी ठेव, एवढंच. कायद्याने ती तुझी आहे. नियुक्त व्यक्तीचीच असते.

मी जूनच्या शेवटच्या आठवड्यात रजा टाकली आहे. साहेबांना वाटलं मी आजारी आहे. तू नको म्हणालीस तरी येतो आहे. माझ्याशी मोठ्याने बोलावं लागेल, जिन्यातल्या माणसांना सगळं ऐकू जाईल, आधीच सांगून ठेवतो.

घुम्या

९ जून

घुम्या,

ये. बाहेरच्या खोलीत तुझी खाट टाकते. उजव्या कानाशी बोलेन.

तुला दोष द्यायचा तर मला आधी द्यावा लागेल, आणि माझ्याकडे कामं पडली आहेत. फॉर्म तू पाठवलास, पण 'घ्या, सुटलात' हे मी म्हटलं. आनंदाने म्हटलं. आपण हे आता वाटून घेऊ आणि पुढे जाऊ.

घरमालकाने समोरची खोली रिकामी करून मागितली. सामान फार नव्हतं. भांडी मात्र एकेक अशी की उचलताना दोन हात लागतात. सुऱ्या कापडात गुंडाळून ठेवलेल्या. ती भांडी मी माझ्याकडे आणली. माझ्या स्वयंपाकघरात ती मावत नाहीत, चालताना पायात येतात, आणि मी अजून एकालाही नावं ठेवलेली नाहीत. तो कोट दाराच्या मागे टांगलेला होता, इस्त्री तशीच. त्याला कुठे रफूची गरज आहे का म्हणून मी उजेडात धरून सगळा पाहिला. कुठेही नव्हती.

डब्याचं तू म्हणतोस तसं. घाई नाही तर मी करत नाही.

दुपारी पेपर घेते आता, पण मोठ्याने वाचायला लाज वाटते. मनात वाचलं की पटकन संपतो.

काल वीज कंपनीचा माणूस आला होता. समोरचं मीटर बंद करायचं होतं, माझं तपासायचं होतं. तरुण होता, घाईत होता. दारातच उभा राहून विचारत होता आणि लिहून घेत होता. पंखे किती, दिवे किती. मग म्हणाला, 'घरात माणसं किती? एकट्याच का?'

मी जन्मभर एकटीच राहिले. आई गेल्यापासून हा प्रश्न मला कितीजणांनी विचारला असेल आणि मी हो एकटीच असं म्हटलं असेल. त्यात मला कधी काही वाटलं नाही. ते माझं वय सांगितल्यासारखं होतं.

काल मी म्हटलं, 'हो, आता एकटीच.'

त्याने वर पाहिलं, पेन खाली केलं आणि म्हणाला, 'माफ करा बाई, मला माहीत नव्हतं.'

मी त्याला काही सांगितलं नाही. त्याला आत बोलावलं, चहा केला. त्याने तो बसून संपवला आणि माझं मीटर तपासून गेला.

तुझी आतेबहीण